अक्षता पडण्याआधी

शिकाऊ उमेदवारीची ऑफर सुरू होण्यापूर्वी सोडायची असेल तर

“कंपनीचं ऑफर लेटर आलं. मी ‘येतो’ म्हणून मेलही करून टाकला. आता घराजवळच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पहिल्या कंपनीला नाही म्हटलं तर ते केस करतील का?”

आयटीआयचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघर विचारला जातो. कुणाला एकाच वेळी दोन ठिकाणांहून बोलावणं येतं. कुणाचा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागतो. कुणाच्या वडिलांचं आजारपण मध्येच उपटतं आणि परगावी जाणं अशक्य होतं. मुलाला वाटतं, शब्द दिला म्हणजे अडकलो. शेजारचे काका सांगतात, “बाँड भरावा लागेल, बघ.” मित्र सांगतो, “जाऊच नको, फोन उचलू नको, आपोआप मिटतं.” काकांचा सल्ला घाबरवणारा आहे आणि मित्राचा अंगाशी येणारा. खरं उत्तर यांच्या मधे आहे, आणि ते समजायला आधी दोन-तीन गोष्टी नीट पाहाव्या लागतील.

१. उमेदवार म्हणजे कोण?

‘उमेद’ हा फारसीतून आलेला शब्द. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवारी करणं’ म्हणजे आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबत राहणं. आता उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते, पण ‘शिकाऊ उमेदवार’ या जोडशब्दात तो मूळ अर्थ अजून टिकून आहे. फरक एवढाच की आता या उमेदीला कायद्याचं छप्पर आहे.

आपल्याकडे या विषयावरचा पहिला कायदा १८५० सालचा. तो प्रामुख्याने अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या धंद्यात शिकायला लावण्यासाठी होता. स्वतंत्र भारतात कारखाने वाढू लागले, कुशल कारागीर कमी पडू लागले आणि १९६१ साली नवा शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. तो १ मार्च १९६२ पासून लागू झाला. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतली मोठी दुरुस्ती २०१४ ची.

या कायद्यातल्या तीन गोष्टी आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे, शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. कायद्याचं कलम १८ हे स्पष्ट सांगतं. म्हणून त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. नोकरीतला राजीनामा आणि नोटीस पीरियड यांचे नेहमीचे नियम त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दुसरी म्हणजे, ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, अशी मर्यादा आहे. म्हणजे कंपनी तुम्हाला घेते तेव्हा उपकार करत नाही. तिलाही ती संख्या भरायची असते. तुम्ही नाही म्हणालात तर ती जागा दुसऱ्याने भरणं तिच्या सोयीचंच असतं.

तिसरी म्हणजे, प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. करारात तसं लिहिलं असेल तरच ते येतं. कंपनीला एवढी मोकळीक असताना तुम्ही सुरुवातीलाच विचार बदललात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच घ्यायची. ‘ट्रेनी’ म्हणून बोलावणारं प्रत्येक पत्र या कायद्याखालचं असतंच असं नाही. पत्रात १९६१ च्या कायद्याचा उल्लेख आहे का, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं आहे का, ते पाहा. नसेल तर तुम्ही कंपनीचे स्वतःचे ट्रेनी असू शकता आणि तुम्हाला कंपनीच्या पत्रातल्या अटी लागू होतात. या प्रकरणात आपण कायद्याखालच्या उमेदवारीबद्दल बोलतो आहोत.

२. पसंती, सुपारी आणि अक्षता

लग्नाच्या घरात पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी पसंती कळवली जाते. मग सुपारी फुटते. शेवटी मांडवात अक्षता पडतात. पसंती कळवून नंतर नकार आला तर कुणी कोर्टात जात नाही. सुपारी फुटल्यावर मोडलं तर चार लोकांत बोलणं होतं, झालेल्या खर्चाची भाषा निघते. अक्षता पडल्यानंतर मात्र नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, न्यायालयाची पायरी चढावी लागते.

शिकाऊ उमेदवारीतही अशाच तीन पायऱ्या आहेत.

ऑफर लेटर ही पसंती. “आम्ही तुम्हाला घ्यायला तयार आहोत,” एवढंच ते सांगतं. तुम्ही गप्प असाल तर तुमच्यावर काहीही बंधन येत नाही.

तुमचा होकार ही सुपारी. १८७२ चा भारतीय करार कायदा म्हणतो की दिलेला होकार परत घेता येतो, पण तो समोरच्याला कळण्याच्या आधी. त्या काळी होकार टपालाने जायचा. पत्र पोचायला चार दिवस लागायचे आणि मधल्या वेळात तार करून ‘पत्र रद्द समजावे’ असं कळवता यायचं. आज मेल पाठवला की क्षणात पोचतो. त्यामुळे ‘पोचण्याआधी परत घेणं’ ही सोय जवळपास उरलेली नाही. म्हणून होकाराच्या मेललाही थोडं वजन आहे. किती, ते पुढे पाहू.

करारपत्र म्हणजे अक्षता. शिकाऊ उमेदवारी कायद्याचं कलम ४ सांगतं की उमेदवाराने, आणि तो अठरा वर्षांखालचा असेल तर त्याच्या पालकाने, मालकाशी करार केल्याशिवाय कुणालाही ठरवून दिलेल्या व्यवसायात शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येत नाही. करार नाही तर उमेदवारी नाही. ऑफर लेटर कितीही जाड कागदावर छापलेलं असो, ते करारपत्राची जागा घेत नाही.

३. ‘सुरू’ नेमकं कधी होतं?

इथे बहुतेकांची गफलत होते. १ तारखेला करारावर सही झाली आणि कंपनीने १० तारखेला गेटवर यायला सांगितलं, तर प्रशिक्षण कधी सुरू झालं? कुणीही म्हणेल, १० तारखेला. पंचिंग कार्ड त्या दिवशी मिळणार, सेफ्टी शूज त्या दिवशी मिळणार.

कायदा तसं म्हणत नाही. कलम ४ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार ज्या दिवशी करार झाला त्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झालं असं मानलं जातं. म्हणजे वरच्या उदाहरणात १ तारखेला. ६ तारखेला तुम्ही “अजून मी सुरूच कुठे केलंय?” असं म्हणालात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही पाच दिवसांपूर्वीच सुरू केलेलं असतं.

म्हणून ‘सुरू होण्यापूर्वी सोडणं’ याचा खरा अर्थ ‘सही होण्यापूर्वी सोडणं’ असा आहे. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सही म्हणजे दरवेळी शाईचीच असेल असं नाही. आता करार पोर्टलवर तयार होतो. तिथे आपल्या लॉगिनमधून करार मान्य करणं हीसुद्धा सहीच. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने कोणताही करार रद्दबातल ठरत नाही. त्यामुळे सायबर कॅफेवाल्याला मोबाइल देऊन “दादा, तुम्हीच भरून टाका, ओटीपी सांगतो,” असं करू नका. फॉर्म भरायला मदत घ्या, पण मान्यतेचं बटण स्वतः वाचून स्वतः दाबा.

करार झाल्यावर मालकाने त्याचा तपशील सात दिवसांच्या आत पोर्टलवर भरायचा असतो. मग शिकाऊ उमेदवारी सल्लागार तो तपासून नोंदवतो. हा सल्लागार म्हणजे या कायद्याखालचा सरकारी अधिकारी. महाराष्ट्रात आयटीआयच्या मुलांना हे काम बीटीआरआय (बेसिक ट्रेनिंग अँड रिलेटेड इन्स्ट्रक्शन) केंद्रात होतं हे ठाऊक असतं. तुमच्या जिल्ह्याचं केंद्र कुठे आहे, हे तुमच्या आयटीआयचे निदेशक सांगतील.

४. कोणत्या पायरीवर किती किंमत?

आता चार उदाहरणं घेऊ. प्रत्येकात समजा तुम्ही आयटीआय झालेले फिटर आहात आणि विद्यावेतन महिना ७,००० रुपये आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी हाच किमान आकडा ठरवला होता. करार करताना चालू दर पाहून घ्यावा.

*पहिलं उदाहरण.* ऑफर आली, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. सोडायची किंमत शून्य. तरी दोन ओळींचा नकार पाठवा.

*दुसरं उदाहरण.* तुम्ही होकाराचा मेल पाठवला, पण करार झालेला नाही. आता नाही म्हणायचं आहे. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे शब्द मोडल्यामुळे झालेलं नुकसान मागता येतं, पण ते खरोखर झालेलं असलं पाहिजे आणि मागणाऱ्याने ते दाखवून दिलं पाहिजे. कंपनीने अजून विद्यावेतन दिलेलं नाही, शिकवायला कुणाला बसवलेलं नाही, यादीत पुढचा मुलगा उभा आहे. मग नुकसान कसलं? म्हणून वेळेत कळवलं तर विषय तिथेच संपतो. कंपनीने गणवेश किंवा बूट आधीच दिले असतील तर ते स्वच्छ करून परत करा आणि त्याची पावती घ्या.

*तिसरं उदाहरण.* १ तारखेला करार झाला, १० तारखेला हजर व्हायचं आहे आणि ६ तारखेला तुमचा बेत बदलला. आता नुसता मेल पुरत नाही. कायद्याच्या कलम ७ नुसार करार मुदतीआधी संपवायचा असेल तर दोघांपैकी कुणीही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करू शकतो. अर्जाची प्रत दुसऱ्या बाजूला टपालाने पाठवावी लागते. सल्लागार दोघांचं म्हणणं पाहतो आणि लेखी आदेशाने करार संपवू शकतो. इथे आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी शांतपणे बोलून घ्यावं. त्यांचा विरोध नसेल तर काम पुष्कळ सोपं होतं.

*चौथं उदाहरण.* तुम्ही हजर झालात, एक महिन्याचं विद्यावेतन उचललं आणि मग यायचं बंद केलं. उमेदवाराने अटी पाळल्या नाहीत म्हणून करार संपवला गेला तर १९९२ च्या नियमांप्रमाणे शेवटच्या उचललेल्या विद्यावेतनाच्या तिप्पट रक्कम प्रशिक्षणाचा खर्च म्हणून वसूल होऊ शकते. ७,००० गुणिले ३, म्हणजे २१,००० रुपये. हाच नियम उलट बाजूनेही आहे. चूक मालकाची ठरली तर त्यालाही तीन महिन्यांचं विद्यावेतन उमेदवाराला भरपाई म्हणून द्यावं लागतं. शिवाय अशा वेळी तुम्ही पूर्ण केलेले महिने नव्या ठिकाणच्या प्रशिक्षणात धरायला सल्लागार परवानगी देऊ शकतो.

म्हणजे दुसऱ्या उदाहरणापर्यंत जे एका मेलवर सुटतं, त्याला तिसऱ्या उदाहरणात सरकारी आदेश लागतो आणि चौथ्यात खिशाला चाट बसू शकते.

पैशापेक्षा मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. तिसऱ्या उदाहरणातला मुलगा मित्राचं ऐकून नुसता गप्प बसला, तर पोर्टलवर त्याचा करार चालूच दिसत राहतो. नव्या कंपनीने त्याच्या नावे करार करायला घेतला की जुना आडवा येतो. शिवाय रेल्वेसारख्या अनेक मोठ्या आस्थापनांच्या जाहिरातींत अट असते की या कायद्याखाली आधी प्रशिक्षण घेतलेल्या किंवा सध्या घेत असलेल्या उमेदवाराने अर्ज करू नये. तुम्ही एक दिवसही गेला नाहीत हे तुम्हाला माहीत असतं, पण नोंदीला माहीत नसतं. ‘फोन उचलू नको’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

५. भीतीची तीन कारणं

*पोलीस केस होईल.* नाही. उमेदवाराने प्रशिक्षण सोडलं म्हणून त्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद या कायद्यात नाही. वाद झाला तर तो सल्लागारापुढे जातो, आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत वर अपील करता येतं. जबरदस्तीने कामावर नेण्याचा तर प्रश्नच नाही. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं आणि १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदाही व्यक्तिगत सेवेचा करार हुकमाने अमलात आणू देत नाही. तुम्हाला येणं भाग पाडता येत नाही. फार तर पैशाचा हिशेब होऊ शकतो.

*बाँड लिहून दिलाय.* इथे जरा थांबून वाचायला हवं. बाँडमधला प्रत्येक आकडा वसूल होतोच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढंच मिळतं. पण बाँड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तो खटला पगारी अधिकाऱ्याचा होता, शिकाऊ उमेदवाराचा नव्हता. पण त्यातून घ्यायचा धडा सर्वांना लागू आहे, तो असा की सही करण्याआधी वाचा. करारपत्रासोबत वेगळा बाँड पुढे केला गेला तर तो कोणत्या कायद्याखाली आहे, असं सरळ विचारा. समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर सल्लागाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

*मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत.* ही वेळच येऊ देऊ नये. मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी दाखवायची, हातात परत घ्यायची आणि साक्षांकित झेरॉक्स द्यायची. आधीच देऊन बसला असाल तर नकाराच्या पत्रात कागदपत्रांची यादी लिहून ती परत मागा आणि तोंडी निरोपावर विसंबू नका. अनामत म्हणून किंवा ‘प्रोसेसिंग’ म्हणून पैसे मागणाऱ्या ऑफरबद्दल तर दोनदा विचार करा. या कायद्याच्या रचनेत विद्यावेतन मालकाकडून उमेदवाराकडे येतं. पैसा उलट्या दिशेने वाहायला लागला की काहीतरी बिघडलेलं आहे असं समजावं.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एक शब्द. अज्ञान व्यक्तीने स्वतः केलेला करार मुळातच टिकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये एका गाजलेल्या निकालात ठरवलं. म्हणूनच १९६१ च्या कायद्यात अशा उमेदवाराच्या वतीने पालक करार करतो. तेव्हा माघारीच्या पत्रावरही आई, वडील किंवा जे पालक असतील त्यांची सही घ्या.

६. पण सोडावं का?

सोडता येतं, हे कळल्यावर सोडावं का, हा प्रश्न उरतो. तो कायद्याचा नाही, हिशेबाचा आहे. आपल्याकडे हा हिशेब बहुधा एकाच आकड्यावर केला जातो, तो म्हणजे विद्यावेतनाच्या.

समजा चाकणची कंपनी ९,००० देते आणि घराजवळचा कारखाना ७,०००. दिसायला दोन हजारांचा फरक आहे. चाकणला कॉट बेसिसवर राहायचे २,५०० आणि मेसचे ३,५०० धरा. उरले ३,०००. घरून जायचा एसटीचा पास १,२०० धरा. उरले ५,८००. लहान आकडा मोठा निघाला.

पण गणित इथेही संपत नाही. दोन्हीकडे काय शिकायला मिळणार? एका ठिकाणी सीएनसी मशीनवर हात बसणार असेल आणि दुसरीकडे वर्षभर पॅकिंगला उभं करणार असतील, तर २,८०० रुपयांचा फायदा महागात पडेल. आधीच्या वर्षी तिथे शिकलेल्या दोन मुलांना फोन करा. ‘दिवसभर काय करायचास?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

शेवटी हातात काय पडणार, तेही पाहा. प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राला पुढच्या भरतीत किंमत असते. रेल्वेच्या आस्थापनांत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल १ च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. भुसावळ, परळ किंवा माटुंग्याच्या कारखान्यात नाव लागलेल्या मुलाने चार पैशांसाठी ते सोडण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आणि शिक्षणासाठी सोडत असाल, तर प्रवेश नक्की झाला आहे ना? यादीत नाव लागणं आणि फी भरून जागा पक्की होणं यांत पुष्कळ अंतर असतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपल्या घरातली मोठी माणसं म्हणतात ते याच अंतराबद्दल. प्रवेशाची पावती हातात आल्यावर नकार कळवा, पण मग त्याच दिवशी कळवा.

७. नकार कसा कळवायचा?

आधी फोन, मग मेल, हा क्रम ठेवा. फोनने माणुसकी राहते आणि मेलने पुरावा राहतो. ज्यांनी मुलाखतीनंतर तुमच्याशी संपर्क ठेवला त्यांनाच फोन करा. बोलणं एवढंच असावं:

“सर, नमस्कार. मी फिटर ट्रेडचा उमेदवार. सोमवारपासून जॉइन होणार होतो. मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळालाय, त्यामुळे येता येणार नाही. तुम्हाला आधीच कळवावं म्हणून फोन केला. आता मेलही पाठवतो.”

समोरचे कदाचित चिडतील. “आधी सांगता येत नव्हतं का?” म्हणतील. “सॉरी सर, कालच नक्की झालं,” एवढं पुरे. वाद घालू नका आणि खोटं कारणही रचू नका. आजारी नसलेल्या आजीला आजारी पाडायची गरज नाही. औद्योगिक वसाहत लहान असते, आणि आज या कंपनीत बसलेले साहेब दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत तुमची मुलाखत घ्यायला बसलेले असू शकतात.

मेलचा नमुना असा:

विषय : शिकाऊ उमेदवार (फिटर) म्हणून रुजू होऊ शकत नसल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या दि. ……… च्या पत्रानुसार माझी शिकाऊ उमेदवार (फिटर) म्हणून निवड झाली असून दि. ……… रोजी मी संमती कळवली होती. मला पदविका अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यामुळे मी रुजू होऊ शकत नाही. माझी संमती मी मागे घेत आहे.

मी अद्याप करारपत्रावर सही केलेली नाही अथवा पोर्टलवर करार मान्य केलेला नाही. कृपया माझ्या नावे करार नोंदवू नये. पडताळणीसाठी दिलेली माझी कागदपत्रे परत मिळावीत. हा मेल मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती.

दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे.

आपला / आपली नम्र,
………

यात चार गोष्टी आहेत: काय ठरलं होतं, आता काय बदललं, करार झालेला नाही याची नोंद आणि पोच. बाकी पाल्हाळ नको. कारण एका वाक्यात द्या. ते पटवून देत बसू नका. कागदपत्रं दिलीच नसतील तर ते वाक्य गाळा. करार झालेला असेल तर मधला परिच्छेद बदलून लिहा: “दि. ……… रोजी झालेला करार कलम ७ नुसार संपुष्टात आणण्यासाठी मी शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे अर्ज करत असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.” ही प्रत टपालानेही पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

८. नकारानंतरची तीन कामं

पहिलं, पोच आली का ते पाहा. दोन दिवसांत आली नाही तर तोच मेल पुन्हा पाठवा आणि कंपनीच्या आवक विभागात पत्राची छापील प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

दुसरं, आठवड्याभराने पोर्टलवर लॉगिन करून आपल्या नावावर करार दिसतो का ते तपासा. चुकून तयार झालेला दिसला तर लगेच कंपनीला आणि सल्लागाराला कळवा. नवा करार मान्य करण्यापूर्वी जुनी पाटी कोरी आहे ना, हे पाहूनच पुढे जा.

तिसरं, आपल्या आयटीआयच्या निदेशकांना सांगा. कंपनीला तुमचं नाव बहुतेक वेळा त्यांनीच दिलेलं असतं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने तुमच्या आयटीआयच्या मुलांना बोलवावं की नाही, हे थोडंसं तुमच्या वागण्यावरही ठरतं.

या सगळ्यात एक माणूस आपण विसरतो. प्रतीक्षायादीतला. तोही आयटीआय झालेला आहे, रोज मोबाइल उघडून यादी पाहतो आहे आणि वय वाढतंय म्हणून घरात बोलणी खातो आहे. तुम्ही सहीच्या आधी लेखी नाही म्हणालात तर ती जागा त्याला त्याच आठवड्यात मिळू शकते. तुम्ही सही करून गायब झालात तर तुमच्या नावाखाली ती कित्येक महिने अडून बसते, आणि ना तुम्ही शिकता ना तो. म्हणून नाही म्हणायचं असेल तर सहीच्या आधी म्हणा, लेखी म्हणा आणि पोच घ्या.